रेघेपलीकडे गेलेले वॉशर

शनिवार, १ फेब्रुवारी

संक्रांतीला लेक आली होती, तेव्हा ही वही तिने दिली. म्हणाली, "बाबा, रोज आईजवळ जी कुरकुर करता ती यात करा. तिला निदान सुखाने जेवू दे." हिने लगेच मान हलवली. दोघींचं आधीच ठरलेलं असणार.

तर लिहितो. मी क्रेन चालवतो. शेडच्या छपराखाली रुळांवर पुढेमागे जाणारी क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली केबिन आणि केबिनमध्ये मी. खाली बॉयलरचे अवाढव्य ड्रम बनतात. ते उचलायचे आणि सांगतील तिथे ठेवायचे. खाली ग्राइंडर आणि हातोड्यांचा इतका कल्ला असतो की कुणी जीव तोडून ओरडलं तरी वर काही पोचत नाही. म्हणून सगळा कारभार हाताच्या इशाऱ्यांवर चालतो, आणि इशारे देतो सुतळी. उंच आणि किडकिडीत, म्हणून सुतळी. ड्रमला पट्टे तोच बांधतो आणि बाजूला उभा राहून मला हात दाखवतो. पालथा पंजा हलवला की सोडत राहा, मूठ मिटली की थांब. मला शेडमध्ये दुर्बीण म्हणतात. वर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणे. ठेवतोच.

आजपासून रजेचा डाव सुरू झाला. मार्चमध्ये माल पाठवायची घाई असते, तेव्हा शेडमधल्या एकालाच पंधरा दिवसांची रजा मिळते. फोरमनसाहेबांनी फार पूर्वीच हात झटकले. "तुमचं तुम्ही ठरवा आणि मला एक नाव आणून द्या." तेव्हापासून फेब्रुवारीतल्या शनिवारी अर्धी पाळी सुटली की आम्ही स्टोअरच्या काउंटरवर पोकर खेळतो. पैसे नसतात, लोखंडी वॉशर असतात, सगळ्यांना सारखे वाटलेले. शेवटच्या खेळाला ज्याच्यापुढचा ढीग मोठा, त्याची रजा. काउंटरवर खडूची रेघ मारलेली असते. वॉशर रेघेपलीकडे सरकवले की लावले. तोंडाने बोललेलं धरायचं नाही, कारण आमच्यातला वेल्डर, भोंगा, फार बोलतो. चौथी स्टोअरबाई. ती पत्ते असे धरते जणू किराणा मालाची यादी वाचतेय, आणि सगळ्यांना लुटते. पण तिला आणि भोंग्याला रजा नकोच आहे, गंमत हवी आहे.

मला हवी आहे. लेकीचं बाळंतपण मार्चमध्ये आहे. पहिलंच. जावई बोटीवर, तो तेव्हा पोचणार नाही. ही आधी जाईल, पण हिचे गुडघे असे की जिना चढायचा म्हटला तरी आधी भिंतीशी सल्लामसलत करते. मला जायलाच हवं.

सुतळीलाही रजा हवी आहे. कशाला ते सांगत नाही. "हवीय," एवढंच. दरवर्षी हा माणूस पहिल्या शनिवारीच हरून मोकळा होतो, आणि या वर्षी डोळ्यांत तेल घालून खेळतोय. मला हे ठीक दिसत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुतळी काहीतरी करतोय.

आज वाटायची पाळी त्याची होती. भोंग्याला एकदम दोन पत्ते गेले, मग एक पत्ता उलटा पडला. "हात घामेजलाय," म्हणाला. उकाडा होता हे खरं, पण मग पूर्ण बाह्यांचा शर्ट कशाला? आणि उजवी बाही मनगटाखाली बोटांपर्यंत ओढलेली. बाहीत काय काय मावतं हे मला कुणी शिकवायला नको.

शिवाय उजवा हात सारखा काउंटरखाली. मी पेन पाडलं आणि वाकून पाहिलं, तर हात मांडीवर घासत होता. मी वर आलो तेव्हा स्टोअरबाई माझ्याकडेच बघत होती. "पेन मिळालं का?" म्हणाली. त्या आवाजात काहीतरी होतं.

आजच्या खेळात तो जिंकला. माझ्यापेक्षा त्याचा ढीग मोठा आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सुतळी आणि स्टोअरबाई कपाटामागे बसले होते. तिने त्याच्या डब्याचं झाकण उघडून दिलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं झाकण! त्याने डाव्या हाताने खाल्लं. ती हळू आवाजात काही सांगत होती, तो मान हलवत होता. मी गेलो तसे दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारू लागले.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, झाकण घट्ट बसलं असेल."

मी म्हटलं, पट्टे बांधून टनाटनाचे ड्रम लटकवणाऱ्या माणसाला डब्याचं झाकण उघडत नाही?  ही म्हणाली, "मग विचारा की त्याला." विचारल्यावर चोर खरं सांगतो का?

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहून ठेवतो. पुढे वाद निघाला तर उपयोगी पडेल.

माझ्या हाती तीन नव्वे आले. स्टोअरबाई आणि भोंगा यांनी पत्ते टाकले. उरलो मी आणि सुतळी. त्याच्यापुढे मोठा ढीग होता, माझ्यापुढे त्याहून जरा लहान. बोलायची पाळी त्याची, म्हणजे लावायची. त्याने उजवा हात ढिगात घातला आणि पुढे सरकवला. आणि ढीगच्या ढीग रेघेपलीकडे आला. खणखणाट करत काही वॉशर माझ्या मांडीवर पडले.

"एवढे नव्हते लावायचे," सुतळी म्हणाला.

मी मांडीवरचे वॉशर उचलून काउंटरवर ठेवले. 

मी म्हटलं, "रेघ ओलांडली."

"ओलांडली. पण चार-सहाच सरकवायचे होते. हाताबरोबर सगळे गेले."

"हाताबरोबरच जातात."

स्टोअरबाईने माझ्याकडे पाहिलं. "रेघ ओलांडली की लागले, हा नियम आहे. पण चूक उघड दिसत असेल आणि समोरच्याने हो म्हटलं, तर मागे घेऊ देतात. आपल्याकडे पहिल्यापासून तसंच आहे. आता तुम्ही बोला."

म्हणजे चेंडू माझ्याच कोर्टात. त्याच्या हातून झालेल्या गोष्टीचा न्याय मी करायचा, आणि नाही म्हटलं तर वाईट मी. हे बाईला बरोबर कळतं.

मी विचार केला. पोकरमध्ये ही जुनी लबाडी आहे. वॉशर असे ढकलायचे की चूक वाटावी, मग समोरच्याचं तोंड बघायचं. तोंड पडलं तर 'राहू दे' म्हणायचं, तोंड खुललं तर 'चुकून गेले' म्हणायचं. चांगले पत्ते आले की माझे कान लाल होतात असं ही म्हणते. ते त्याने पाहिले असणार. मी म्हटलं, "आज सोडलं तर उद्या रेघ मारायची कशाला?" आणि माझे सगळे वॉशर पुढे केले.

सुतळी वाद घालील असं वाटलं होतं. त्याने फक्त मान हलवली आणि पत्ते उघडले. दोन राजे, दोन चौके, म्हणजे तीन नव्व्यांपुढे हरणारे. चांगले पत्ते, पण सगळं लावावं असे नाहीत. चार-सहा वॉशर लावावेत असेच.

म्हणजे तो म्हणाला ते खरं असू शकतं. हेही इथे लिहून ठेवतो, कारण ही वही माझी आहे आणि इथे कुणाला फसवायचं नाही. पण मग तो भांडला का नाही? ज्याचं खरं असतं तो भांडतो. मी तर न झालेल्या गोष्टींसाठीही भांडतो.

आता त्याच्यापुढे जेमतेम मूठभर वॉशर आहेत. पुढच्या शनिवारी काहीही झालं तरी रजा माझी. आनंद व्हायला हवा होता. येताना लेकीसाठी मऊ लोकरीचा गोळा घेतला, त्यातही दुकानदाराने वजनात मारलं असं वाटत राहिलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. हिने निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "नियमाने तुमचं बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. बरोबर आहे म्हटलं ना."

असं 'बरोबर' मला नको. दिवसभर हिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी हिनेच विचारलं की चहा घेणार का. घेतला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सुतळीने सूड सुरू केला.

काल सकाळपासून तो डाव्या हाताने इशारे देतोय. वरून सगळं उलटं दिसतं. इतकी वर्षं माझी नजर त्याच्या उजव्या खांद्याशी बसलेली, ती तिकडे जाते आणि तिथे काहीच नसतं. दोनदा ड्रम हवेत लोंबकळत ठेवावा लागला. लोकांना वाटलं, दुर्बिणीची काच गढुळली. भोंगा खालून डोळे चोळून दाखवत हसत होता.

दुपारी मी सुतळीला गाठलं. "डावा कशाला?"

"असंच. बदल."

"इशाऱ्यात बदल?"

"दिसतंय ना तुला?" म्हणाला आणि निघून गेला. अंगातल्या डगल्याची वरची दोन बटणंही लावलेली नव्हती. हरलेला माणूस असा गबाळा होतो, की मला दाखवायला करतोय, कळत नाही. वेळ चुकली की बोल क्रेनवाल्यालाच लागतो. रजेच्या तोंडावर माझ्या नावावर एखादी चूक चढली की फोरमनसाहेब रजा कापतील आणि दुसऱ्याचं नाव घालतील. दुसरा कोण ते सांगायला नको.

गुरुवार, २० फेब्रुवारी

संशय नव्हे, आता पुरावाच आहे.

सकाळी स्टोअरबाईने मला बोलावलं. काउंटर पुसत होती, पुसून झालेलाच. "तुमची रजा पंधरा दिवस पुढे नाही का ढकलता येणार?"

मी म्हटलं, "बाळाला सांगून बघतो."

ती हसली नाही. "खरंच. मला माहितीय तुमचं कारण मोठं आहे. पण त्याचंही लहान नाही."

"काय आहे त्याचं?"

"ते त्याने सांगायचं. मी शब्द दिलाय."

शब्द दिलाय! म्हणजे कट आहे आणि त्याला शपथाही आहेत. आणि दुपारी मी वरून पाहिलं, तिने त्याच्या डाव्या हातात काहीतरी छोटं चपटं पाकीट सरकवलं. तो तोंडात काहीतरी टाकून पाणी प्यायला. मग तो फोरमनसाहेबांच्या केबिनपाशी गेला, दार ठोठावायला हात उचलला आणि तसाच परत फिरला. माझ्याविरुद्ध बोलायला धीर झाला नसेल.

मी मात्र गेलो. साहेबांना म्हटलं, चुगली म्हणून नाही, सुरक्षेचं म्हणून सांगतो. इशारे ठरलेल्या हातानेच हवेत. वरून गोंधळ होतो. साहेब म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे," आणि त्याच वेळी सुतळीला बोलावून सांगितलं, उद्यापासून उजवा हात. सुतळीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो घाबरल्यासारखा दिसला.

"जमेल ना?" साहेबांनी विचारलं.

"जमेल," तो म्हणाला.

घरी येऊन हिला हे सांगितलं नाही. का, ते माहीत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

शेवटचा खेळ. सुतळीने उरलेले वॉशर पहिल्याच डावात लावले आणि गेला. थांबलाही नाही. स्टोअरबाई माझ्याशी मोजकं बोलली. भोंग्याने कागदावर माझं नाव लिहून साहेबांकडे नेलं. रजा मिळाली. लेकीला फोन केला. "बाबा, नक्की ना?" म्हणाली. नक्की म्हटलं. आनंदाने तिचा आवाज फुटला, मग माझाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज अक्षर वाकडं येईल.

मोठा ड्रम वेल्डिंगसाठी फिरवायच्या रोलरवर बसवायचा होता. भोंगा खाली गुडघ्यावर बसून लाकडी ठोकळे सारत होता. सुतळी बाजूला, उजवा हात वर. पालथा पंजा हलत होता, मी सोडत होतो. ड्रम रोलरच्या जवळ आला. इथे तो नेहमी मूठ मिटतो, मी थांबतो, भोंगा हात काढून घेतो, मग पुढचं.

मूठ मिटली नाही. पंजा तसाच पालथा.

मी सुतळीचं तोंड पाहिलं. मला वरून सगळं दिसतं, दुर्बीणच मी. तो आपल्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे. तोंड उघडं, ओरडत होता. डाव्या हाताने उजव्याची बोटं धरून दुमडत होता. त्याला थांबवायचं होतं. हे मला दिसलं. इथे खोटं लिहीत नाही. मला दिसलं.

आणि माझ्या मनात आलं, हा डाव आहे. इशारा 'सोड'चा आणि मी आपल्या मनाने थांबलो, की हा साहेबांना म्हणणार, बघा, क्रेनवाला इशारा पाळत नाही. रजा रद्द. हे सगळं एका श्वासात मनात आलं, आणि तेवढा वेळ माझा हात दांड्यावर तसाच राहिला. ड्रम खाली जात राहिला.

भोंगा वाचला तो स्वतःच्या कानांमुळे. सुतळीची किंकाळी त्या कल्ल्यातही त्याला ऐकू आली आणि त्याने अंग मागे टाकलं. ठोकळ्यांचा भुगा झाला. त्याचा हातमोजा ड्रमखाली राहिला. रिकामा. मी किती वेळ वरून त्या मोज्याकडे पाहत होतो आणि तो रिकामा आहे हे मला पटत नव्हतं.

मी शिडी उतरलो. खाली भोंगा जमिनीवर बसून दोन्ही हातांची बोटं हलवून बघत होता. एक शब्द बोलत नव्हता. भोंग्याला गप्प पाहून मला रडू आलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज चौकशी. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर मला आणि सुतळीला बसवलं होतं. त्याने बाही वर केलेली होती. मनगटाला पट्टा, डॉक्टरी, कातडी रंगाचा. बाहीत पत्ता लपवलाय असं मी धरून चाललो होतो, तो हा पट्टा.

मी विचारलं, "हाताला काय झालंय?"

इतके दिवस हे तीन शब्द मला सुचले नव्हते.

तो म्हणाला, नस दबलीय. बोटांना कळत नाही, कधी मिटतात, कधी नाही. ऑपरेशन साधं आहे, पण नंतर पंधरा दिवस हात बांधून ठेवावा लागतो. साहेबांना सांगितलं तर इशाऱ्यांवरून काढून अंगण झाडायला लावतील, आणि परत घेतीलच असं नाही. म्हणून रजेत गुपचूप उरकायचं होतं. बाईला माहीत होतं, कारण डबा उघडेना तेव्हा तिने पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" तो म्हणाला. "तू पेन शोधायला काउंटरखाली वाकतोस."

 मी म्हटलं, "त्या शनिवारी तरी सांगायचंस. मी मागे घेऊ दिले असते."

"एवढे लावायचे नव्हते म्हणून सांगितलं होतं. तेवढं पुरे व्हायला हवं होतं."

आधी त्याला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं तरी ऐकू येत होतं. त्याने सगळं स्वतःवर घेतलं. हात मिटला नाही, आजार लपवला, क्रेनवाल्याने दिसलेला इशारा पाळला, त्याचा दोष नाही. मी बाहेर बसून हे ऐकत होतो, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तेही लिहितो: रजा वाचली.

मग मी. साहेबांनी विचारलं, इशारा कुठला होता? 'सोड'चा, मी म्हटलं. खरं तेच. त्यांनी लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं. मग टोपण हातात तसंच धरून म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. विचारावंच लागतं. शंका आली होती का?"

क्रेनच्या परवान्याच्या परीक्षेत पहिला प्रश्न हाच असतो. शंका आली तर काय कराल? थांबेन. एवढंच उत्तर. त्याला पूर्ण गुण असतात. मी महिनाभर शंका खाल्ली, शंका प्यायलो, झाकणावर घेतली, बाहीवर घेतली, लोकरीच्या गोळ्यावर घेतली. आणि जिथे शंका घ्यायचा मला पगार मिळतो, तिथे थांबलो नाही.

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. वर केबिनमध्ये मी एकटाच होतो. लेकीचा आवाज कानात होता.

"आली होती," मी म्हटलं. "त्याला थांबवायचंय हे मला दिसलं होतं. मी थांबलो नाही."

साहेबांनी आधी लिहिलेलं एकदा वाचलं. मग म्हणाले, "हे तू सांगितलं नसतंस तर चाललं असतं." मी म्हटलं, माहितीय. त्यांनी टोपण बाजूला ठेवलं आणि लिहिलं. सुतळीला सक्तीची वैद्यकीय रजा, हात बरा झाल्यावर पुन्हा तपासून बघू. मी क्रेनवरून खाली, चौकशी पुरी होईतो रोज हजेरी लावायची, गाव सोडून जायचं नाही. म्हणजे मार्चची रजा गेली. लेकीला कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. घरी आल्यावर ही म्हणाली, "मी जिने चढेन, तुम्ही नका काळजी करू." मग भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली.

त्याआधी, मी साहेबांच्या केबिनमधून बाहेर आलो तेव्हा सुतळी बाकावरच थांबला होता. "काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, मान जरा कलती करून, आधी माझ्या तोंडाकडे, मग हातांकडे. कुणी माझ्याकडे असं पाहिलं की कसं वाटतं ते मला आजवर माहीत नव्हतं.

"मी तुला सोडवलं होतं," तो म्हणाला. "मग असं का सांगितलंस? त्यात तुझं काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसला नाही.